तुला काय दिसतं? रोजच्या जगण्यातून ख्रिस्ती बोध कसा घ्यावा

बायबलमधल्या यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकात पहिल्याच अध्यायात एक छोटा संवाद आहे. देव विचारतो, "यिर्मया, तुला काय दिसतं?" तो म्हणतो, बदामाच्या झाडाची काठी. देव म्हणतो, बरोबर पाहिलंस. अर्थ त्यानंतर येतो: मी माझं वचन पूर्ण करण्यासाठी जागा आहे. मूळ इब्री भाषेत इथे शब्दाला शब्द जुळतो. बदाम म्हणजे 'शाकेद' आणि जागा असलेला, लक्ष ठेवून असलेला म्हणजे 'शोकेद'. त्या देशात हिवाळा सरायच्या आत इतर झाडांच्या आधी बदाम फुलतो. झाडांमधला जागा तोच.

या संवादात मला फार मोलाची वाटते ती देवाची पहिली ओळ. यातून काय शिकलास, असं तो विचारत नाही. काय दिसतं, एवढंच विचारतो आणि नीट पाहिल्याची पावतीही अर्थ सांगण्याआधीच देतो. आमोस संदेष्ट्यालाही तो हेच विचारतो, त्याच्या पुस्तकाच्या आठव्या अध्यायात. तिथे उन्हाळी फळांची टोपली दिसते.

आमच्या बायबल अभ्यासाच्या गटात मी बरीच वर्षं बसते आहे. रोजच्या जगण्यात देव काय शिकवतो यावर बोलायची वेळ आली की आपण बहुतेक जण उलट्या क्रमाने चालतो. धडा आधीच ठरलेला असतो, मग त्याला शोभेल अशी वस्तू शोधतो. मेणबत्ती म्हणजे प्रकाश, दगड म्हणजे खंबीरपणा, प्रवास म्हणजे जीवन. यात खोटं काही नाही, पण नवंही काही कळत नाही, आणि आतून कुणी बदलत नाही. म्हणून पुढे जे लिहिलं आहे त्याचा सगळा भर एकाच गोष्टीवर आहे: आधी पाहा, अर्थ मागून येऊ द्या.

पायरी 1: दिवसाला एकच गोष्ट

सगळ्या दिवसातून धडे गोळा करू नका. एक वस्तू किंवा एक प्रसंग पुरे. मोठा, हलवून टाकणारा प्रसंग निवडायचा मोह होतो, पण सुरुवातीला तरी लहानच घ्या: अडकणारं दार, न सापडलेली किल्ली, शिवताना पुन्हा पुन्हा सुटणारा दोरा. येशूने जे दाखले दिले त्यात हरवलेलं एक नाणं आहे, पिठातलं खमीर आहे, जुन्या वस्त्राला लावलेलं ठिगळ आहे. ऐकणाऱ्यांच्या हाताखालून रोज जाणाऱ्याच या गोष्टी.

निवडायची खूण एकच. ज्या गोष्टीपाशी तुमचं मन क्षणभर अडखळलं, ती घ्या. चीड आली असेल तरी चालेल. माझ्या बाबतीत चिडीतूनच जास्त मिळालं आहे.

पायरी 2: अर्थ न लावता पाहा

हीच पायरी खरी अवघड आहे आणि बहुतेक जण हीच गाळतात. वही घ्या आणि त्या गोष्टीबद्दल फक्त जे आहे ते लिहा. रंग, आवाज, काय कशाने झालं, आधी काय झालं, नंतर काय. देव, पाप, कृपा, विश्वास हे शब्द या पानावर येऊ द्यायचे नाहीत. पाच-सहा वाक्यं होईपर्यंत थांबा. तिसऱ्या वाक्यानंतर हात थबकतो, कारण आपण ती गोष्ट नीट पाहिलेलीच नसते. मग पुन्हा जाऊन पाहावं लागतं. त्या दुसऱ्या फेरीतच काहीतरी हाती लागतं.

येशूचे दाखले पुन्हा वाचून बघा. नाणं हरवलेली बाई तीन गोष्टी करते: दिवा लावते, घर झाडते, सापडेपर्यंत मन लावून शोधते. दिवसाही दिवा लागावा असं ते अंधारं घर असावं, आणि जमिनीवर पडलेलं नाणं झाडूला लागून वाजतं. घर झाडताना जिने नाणं शोधलं आहे तिला हे सांगावं लागत नाही. ठिगळाचंही तसंच. कोरं, न धुतलेलं कापड जुन्याला लावलं तर धुतल्यावर ते आटतं आणि जुनं आणखी फाडतं. येशू आधी कापडाचा खरा स्वभाव सांगतो. दाखला त्या स्वभावातून उगवतो, वरून चिकटवलेला नसतो.

आता माझ्याच घरातला एक नळ. पुढच्या सगळ्या पायऱ्यांना हेच उदाहरण घेते.

बेसिनचा नळ गळत होता. रात्री आवाज यायचा म्हणून मी झोपताना तो घट्ट पिळायची. दोन दिवस बंद, मग पुन्हा थेंब. मग आणखी जोर. शेवटी शेवटी दोन्ही हातांनी पिळावा लागायचा आणि तरीही पहाटे थेंब ऐकू यायचाच. प्लंबर आला. त्याने आधी मेन कॉक बंद केला, नळाचं डोकं पान्याने उघडलं आणि आतला वायसर काढून माझ्या तळहातावर ठेवला. रबराची काळी चकती, नखाएवढी. तिच्यावर गोल खाच पडली होती, सुरीने कोरावी तशी, आणि एका बाजूला रबर तुटून आलं होतं. तो म्हणाला, "ताई, हा पिळून पिळून तुम्हीच कापलाय." नवा वायसर बसवला आणि म्हणाला, आता दोन बोटांनी बंद करा.

वहीत मी एवढंच लिहिलं.

पायरी 3: पहिला सुचलेला धडा बाजूला ठेवा

गळका नळ म्हटल्यावर पहिल्यांदा काय सुचतं? थेंबे थेंबे तळे साचे. दुसऱ्यांदा काय? लहान पापाकडे दुर्लक्ष केलं की मोठं नुकसान होतं. दोन्ही मला आधीपासून माहीत होतं आणि त्यासाठी नळ बिघडायची काही गरज नव्हती. पहिल्या झटक्यात सुचलेला धडा बहुधा आपल्याच डोक्यातला जुना साठा असतो. तो वहीच्या समासात लिहून टाका म्हणजे तो डोक्यात घोळत राहणार नाही, आणि पुन्हा आपल्या नोंदीकडे या. त्यात असं काय आहे जे या धड्यात बसत नाही?

माझ्या नोंदीत एक वाक्य बसत नव्हतं. पिळून पिळून तुम्हीच कापलाय.

त्या वाक्यापाशी मी तीन दिवस होते. त्या काळात बाबांचा विसरभोळेपणा वाढला होता. एकच प्रश्न ते दहा मिनिटांत चार वेळा विचारायचे. मी दात आवळून शांतपणे उत्तर द्यायची, आणि रोज सकाळी प्रार्थनेत ठरवायची की आज चिडायचं नाही, म्हणजे नाहीच. दोन दिवस जमायचं. तिसऱ्या दिवशी एखाद्या क्षुल्लक गोष्टीवरून माझा आवाज चढायचा, आणि त्या आवाजाने बाबांचा चेहरा लहान मुलासारखा व्हायचा. मग मी आणखी जोराने ठरवायची.

नळ आणि मी, दोघांचं एकच चाललं होतं.

पायरी 4: वचनाजवळ न्या

इथवर जे मिळालं तो अजून फक्त एक विचार आहे. चांगला असेल, पण तो देवाकडून आहे असं अजून म्हणता येत नाही. त्याला पवित्र शास्त्राजवळ न्या आणि तीन प्रश्न विचारा.

एक: शास्त्र हे आणखी कुठे म्हणतं का? एखादं तुटक वचन शोधून जोडू नका. पूर्ण अध्याय वाचा. मला यहेज्केलाचा 36 वा अध्याय आठवला, जिथे देव म्हणतो की मी तुमच्यातलं पाषाणमय हृदय काढून मांसमय हृदय देईन. वरून पिळायला तो सांगत नाही. आत हात घालून बदलतो. 51 व्या स्तोत्रात दावीद राजाही शुद्ध हृदय उत्पन्न कर अशीच याचना करतो. मी आजपासून नीट वागेन, अशी हमी देऊन तो तिथे थांबत नाही.

दोन: हे येशूच्या स्वभावाशी जुळतं का? माझ्या मते ही सगळ्यात खात्रीची कसोटी आहे. तुमच्या धड्याने तुम्ही कुणाला तुच्छ लेखू लागलात, घाबरून गेलात, किंवा देव कडक हिशेबनीस वाटू लागला, तर थांबा. जो लेकरांना जवळ घेतो आणि कुष्ठरोग्याला हात लावतो, त्याच्या तोंडी हे वाक्य शोभेल का, हे विचारा.

तीन: हे शास्त्रात आधीच स्वच्छ सांगितलेल्या गोष्टीच्या विरुद्ध तर जात नाही ना? जात असेल तर प्रसंग कितीही बोलका वाटला तरी सोडून द्या. नळाने नवी शिकवण द्यायची नसते. जे वचन माझ्या कानावरून शंभरदा गेलं ते त्याने एकदा हातावर ठेवलं, एवढंच त्याचं काम.

पायरी 5: साम्य कुठे तुटतं ते पाहा

प्रत्येक उपमा कुठेतरी तुटते आणि ती जागा शोधणं हा बोधाचाच भाग आहे. वायसर निर्जीव आहे, त्याला काही करावं लागत नाही. माणसाचं तसं नाही. फिलिप्पैकरांच्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात प्रेषित पौल लागोपाठ दोन गोष्टी सांगतो: भीत व कापत आपलं तारण साधून घ्या, आणि इच्छा व कृती दोन्ही तुमच्या ठायी साधणारा तो देव आहे. म्हणजे प्रयत्न सोडून द्यायचा, असा अर्थ मी नळातून काढला असता तर तो चुकीचा ठरला असता. नळ उघडायच्या आधी मेन कॉक बंद करावा लागतो. ते माझ्या हातात होतं आणि मी ते कधी केलं नव्हतं. बाबांच्या खोलीतून दहा मिनिटं बाहेर येऊन, कुणाला तरी "मला हे झेपत नाही" असं मी म्हटलं नव्हतं.

बायबल अभ्यासात बोलायला उभे राहणार असाल तर ही पायरी अजिबात गाळू नका. अर्धवट उपमा ऐकून माणसं अर्धवट शिकवण घरी नेतात.

पायरी 6: बोट स्वतःकडे

दावीदाने आपल्या सैन्यातल्या उरीयाला मारवलं, त्याची बायको घेतली, तेव्हा नाथान संदेष्टा त्याच्याकडे गेला आणि एका श्रीमंताने गरिबाची एकुलती एक मेंढी हिरावून घेतल्याची गोष्ट सांगितली. दावीद संतापला. गोष्टीतल्या श्रीमंताला काय शिक्षा द्यायची तेही त्याने ठरवलं. मग नाथान म्हणाला, "तो मनुष्य तूच आहेस."

धडा सुचताच मनात दुसऱ्या कुणाचा चेहरा आला, "हे अमक्याने ऐकायला हवं" असं वाटलं, की समजा तुम्ही दावीदाच्या जागी बसला आहात. वहीतल्या वाक्याचा कर्ता बदला. 'माणसं', 'लोक', 'आपण सगळे' हे शब्द खोडा आणि तिथे 'मी' लिहा. 'माणसं भीतीपोटी चिडतात' हे वाक्य छान वाटतं. 'बाबा मला एक दिवस ओळखणार नाहीत या भीतीने मी त्यांच्यावर ओरडते' हे लिहिताना माझा हात थरथरला. मला लागणारी प्रार्थना त्या दुसऱ्या वाक्यात होती.

पायरी 7: आजच करता येईल अशी एक कृती

'अधिक प्रेमळ होईन' ही कृती झाली नाही. कोण, कधी, काय, हे सांगता यायला हवं आणि चोवीस तासांत करता यायला हवं. मी भावाला फोन केला आणि आठवड्यातले दोन दिवस बाबांकडे ये, म्हणून सांगितलं. हे मागायला मला वर्ष लागलं होतं. बाबांजवळ बसून माफी मागितली. कशाबद्दल ते त्यांना आठवत नव्हतं, पण त्यांनी माझा हात धरून ठेवला. याकोबाच्या पत्राच्या पहिल्या अध्यायात आरशाचं उदाहरण आहे: वचन नुसतं ऐकणारा माणूस आरशात तोंड पाहून निघून जातो आणि आपण कसे दिसतो ते लगेच विसरतो. कृती लिहून ठेवा आणि झाली की पुढे तारीख घाला.

जिथे धडा काढू नये

यावर थोडं जास्त लिहिते, कारण इथे मी स्वतः माणूस दुखावला आहे.

आमच्या गटातल्या एकाची नोकरी गेली होती. मी त्याला म्हटलं, देव तुला संयम शिकवतो आहे. वाक्य मला त्या वेळी फार आध्यात्मिक वाटलं. तो काहीच बोलला नाही, आणि पुढचे कित्येक महिने गटात आला नाही. आला तेव्हा त्याने सांगितलं की त्या रात्री घरभाडं कुठून आणायचं याचा तो विचार करत होता आणि मी त्याच्या आयुष्याचा दाखला करून टाकला.

एकामागून एक संकटांनी खचलेल्या ईयोबाच्या मित्रांनी एक गोष्ट अगदी बरोबर केली होती. सात दिवस आणि सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले. बोलायला लागले तिथून बिघडलं, आणि शेवटच्या अध्यायात देव स्पष्ट म्हणतो की ते त्याच्याविषयी यथार्थ बोलले नाहीत. लूकच्या 13 व्या अध्यायात शिलोहाचा बुरूज पडून दबलेल्या 18 जणांचा विषय येतो. ते इतरांपेक्षा अपराधी होते असं वाटतं का, असं येशू विचारतो आणि स्वतःच नाही म्हणतो. मग ऐकणाऱ्यांना त्यांच्याच पश्चात्तापाकडे वळवतो. दुसऱ्याच्या दुःखाचा अर्थ लावायचा अधिकार तो कुणालाच देत नाही.

प्रेषितांच्या कृत्यांमधला माल्टा बेटावरचा प्रसंगही मला या बाबतीत महत्त्वाचा वाटतो. पौलाच्या हाताला साप डसतो. लोक म्हणतात, हा नक्की खुनी असणार. बराच वेळ वाट पाहूनही त्याला काहीच होत नाही असं दिसतं, तर लोक म्हणतात, हा देव आहे. एकाच घटनेचे दोन अर्थ, दोन्ही ठाम, दोन्ही चूक.

म्हणून माझे तीन नियम. दुसऱ्याच्या संकटातून त्याच्यासाठी धडा काढायचा नाही. स्वतःच्या ताज्या जखमेतूनही घाई करायची नाही. काही गोष्टींना वर्षं लागतात आणि काहींचा अर्थ इथे कळतच नाही, तिथे विलाप हीच पूर्ण प्रार्थना आहे. स्तोत्रसंहितेत विलापाची स्तोत्रं किती आहेत ते पाहा. आणि तिसरा: घटना म्हणजे देवाने दिलेला कौल असं समजून निर्णय घ्यायचे नाहीत. बस चुकली म्हणून ती नोकरी देवाची इच्छा नव्हती, असं नसतं. निर्णयासाठी वचन, प्रार्थना, आणि मंडळीतल्या जाणत्या माणसांचा सल्ला आहे.

वेळ कधी काढायचा

लोयोलाच्या संत इग्नेशियस यांनी 16 व्या शतकात दिवसाकडे मागे वळून पाहायची पाच टप्प्यांची रीत घालून दिली: आधी उपकार मानायचे, मग स्वतःला खरं पाहता यावं म्हणून प्रकाश मागायचा, मग उठल्यापासूनचा दिवस क्रमाने आठवायचा, चुकलं त्याची क्षमा मागायची, आणि उद्याचं ठरवायचं. मी कॅथलिक नाही, पण रात्री झोपण्याआधीच्या पंधरा मिनिटांसाठी याहून सोपी चौकट मला मिळालेली नाही. उपकारस्मरण पहिलं आहे हे लक्षात घ्या. चुकांपासून सुरुवात केली की आपण चार दिवसांत वही बंद करतो.

ज्यांना पंधरा मिनिटंही मिळत नाहीत त्यांनी ब्रदर लॉरेन्स आठवावेत. 17 व्या शतकात पॅरिसमधल्या एका कार्मेलाइट मठात ते आधी स्वयंपाकघरात राबत होते, पुढे चपला दुरुस्त करत होते. भांड्यांच्या गोंगाटातही ते देवाशी बोलत राहत. हात कामात असताना पायरी 2 उत्तम होते. पाहायला वेगळा वेळ लागत नाही, लिहायला मात्र लागतो.

घरात मुलं असतील तर त्यांना धडा विचारू नका. देवाने यिर्मयाला विचारलं तेवढंच विचारा. मुलं काय दिसतं ते आपल्यापेक्षा बरोबर सांगतात. अर्थ त्यांचा त्यांना, त्यांच्या वेळेला सापडू द्या.

काहीच सुचलं नाही तर

बहुतेक दिवस असेच जातील. येशू मरणातून उठल्यावर अम्माऊस गावाच्या वाटेवर दोन शिष्य कित्येक मैल येशूबरोबर चालले, त्याचं बोलणं ऐकलं, आणि त्यांना ओळख पटली ती भाकर मोडताना. वाटेत आपलं अंतःकरण तापत होतं, हे त्यांना नंतर कळलं. म्हणून नोंद अपुरी राहिली तरी पान फाडू नका. धडा ओढून ताणून आणू नका. तारीख आणि काय दिसलं एवढं लिहा, खाली अर्धं पान मोकळं सोडा, आणि महिन्यातून एकदा जुनी पानं चाळा.

माझ्या वहीतली या आठवड्यातली नोंद अशी आहे: बाबांच्या सदऱ्याचं बटण. चार भोकं आहेत, दोनांतूनच दोरा गेला आहे. आईने लावलेलं असणार, ती घाईत असली की असंच लावायची. तिला जाऊन नऊ वर्षं झाली. बटण अजून सैल झालेलं नाही. खालचं अर्धं पान मोकळं आहे.